आयफेलच्या रानातला कौल

सकाळचे ऊन त्या खोलीत यायला फार वेळ घेत असे. आधी ते समोरच्या घराच्या पाटीदगडी छपरावर नुसते बसून राही, खाली उतरावे की नाही याचा विचार करीत असल्यासारखे. मग धुराड्याच्या कडेने घसरत गल्लीत येई, उंबऱ्यावरच्या दुधाच्या बाटल्यांना हळूच हात लावी आणि पडद्याच्या विरलेल्या भागातून आत शिरे. आत आल्यावरही त्याला घाई नसे. कोळशाच्या शेगडीचा काळा पत्रा, तोंड धुण्याच्या भांड्याची चिरलेली कड, खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेला सदरा, असे एकेक करीत ते पुढे सरके आणि सगळ्यांवर सारखेच, फिकट, अबोल पडे. त्यात विशेष असे काही नव्हते. जर्मनीतल्या या आखेन शहरात प्रत्येक भाड्याच्या खोलीत ते असेच येत असणार. तरी श्रीनाथ रोज अंथरुणात पडून ते पाहत राही. कोणी काही विचारत नाही अशी दिवसातली ती एकच वेळ होती.

आज मात्र ऊन शेगडीपर्यंत पोहोचण्याआधीच तो उठून बसला. एकसष्ट सालच्या मे महिन्यातला रविवार होता आणि आयफेलच्या डोंगरातली, रोमन काळातली देवळे पाहायला जायचे होते.

उद्या सोमवार. झिंडेलफिंगेनच्या मोटार कारखान्याला उद्या उत्तर द्यायचे होते. प्रबंध पुरा होताच त्यांनी त्याला नोकरी देऊ केली होती. तिकडे कोकणात राजापूरजवळच्या गावात वडिलांचे गुडघे गेले होते आणि जाकादेवीची पूजा पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या गुरव घराण्याकडे होती. आता श्रीनाथने ती हाती घ्यायची, हे सारा गाव धरून चालला होता. तोही तेच सांगत असे, "मी परत जाणार. ठरलेलंच आहे." कारखान्याला नकार कळवणे तेवढे राहून गेले होते.

स्टेशनवर भास्कर आणि सुलेखावहिनी आधीच उभी होती. भास्कर त्याच्याच प्रयोगशाळेतला, पुण्याचा. आवाज सभागृहाला पुरेल एवढा.

"या गुरवबुवा! देवळात जायचं म्हटल्यावर बरे वेळेवर उगवलात!"

"अहो, हळू," वहिनी म्हणाल्या. "सगळा फलाट बघतोय."

डोंगरातल्या छोट्या स्टेशनावर देवळे दाखवायला आलेले क्रेमर वाट पाहत होते. गावच्या शाळेचे निवृत्त मास्तर. पाठीवर पिशवी, हातात काठी, आणि तोंडाला विश्रांती ठाऊक नाही. पहिला मुक्काम पवित्र झऱ्याचा होता. तो काही सापडेना.

"तर मग, इथेच होता," क्रेमर तिसऱ्यांदा त्याच ओंडक्यापाशी थांबून म्हणाले.

"झरा होता की हरीण?" भास्करने मराठीत विचारले.

शेवटी श्रीनाथच्याच बुटात पाणी शिरले आणि झरा सापडला. क्रेमरनी टाळ्या वाजवल्या. श्रीनाथ इतका मोकळा हसला की वहिनी वळून बघू लागल्या. पुढची चढण तो सगळ्यांच्या पुढे, जवळजवळ धावतच चढला. बीच नावाच्या उंच झाडांना नुकती पालवी फुटली होती. तिच्यातून जाताना त्याला वाटले, आपण कोणाच्या तरी घरी निघालो आहोत, आणि तिथे आपली वाट पाहिली जात आहे.

माथ्यावर गवतात गुडघाभर उंचीच्या भिंती उरल्या होत्या. तिघांनीही न बोलता पायांतले काढले. क्रेमर बघत राहिले. "छप्पर कोसळून दीड हजार वर्षं झाली!" ते म्हणाले, मग खाली बसले आणि त्यांनीही बुटांच्या नाड्या सोडल्या. त्यांच्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता.

आत एका शिळेवर तीन स्त्रिया बसलेल्या होत्या. मांडीवर फळांच्या टोपल्या. कडेच्या दोघींच्या डोक्यांवर मोठाल्या गोल टोप्या, मधली मोकळ्या केसांची, वयाने लहान. नाकडोळे पावसाने पुसले होते. पायाशी एक ताजे सफरचंद होते.

"तीन आया," क्रेमर कुजबुजले. "फळ कोण ठेवतं ते पाद्रीबुवा दर वर्षी विचारतात. गावात कोणालाच माहीत नसतं."

"कडेच्या दोघी सासवा," भास्कर म्हणाला, "मधली सून."

"म्हणूनच बिचारी हलू शकत नाही," वहिनी म्हणाल्या आणि हात जोडले. मग त्या श्रीनाथकडे वळल्या. "भावजी, तुमच्याकडे कौल लावतात ना? लावा की! उद्याचं उत्तर इथेच घेऊन टाका."

"काहीतरीच काय वहिनी. आणि मी तर जाणारच आहे."

"मग घाबरता कशाला?"

क्रेमरना कौल समजावून सांगावा लागला. देवीच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे एकेक ओली कळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि थांबायचे. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. म्हाताऱ्याचे डोळे लकाकले. रानातल्या पांढऱ्या कळ्या वेचायला तेच अनवाणी पळाले.

श्रीनाथने झऱ्यावर भरून घेतलेल्या बाटलीतले पाणी ओंजळीत घेतले. वडिलांनी शिकवले होते: बोटाच्या टोकाला राहील तेवढेच पाणी, दोन्हीकडे सारखे, आणि दाबायचे कधीच नाही. दाबले तर तो देवीचा कौल नव्हे. मधल्या आईच्या दोन्ही खांद्यांवर त्याने कळ्या लावल्या. कितीतरी वर्षांनी बोटांना आपले काम आठवले होते. "आई, मी गावी परत जावं का?" त्याने मोठ्याने, मराठीत विचारले.

कोणी हलले नाही. क्रेमरनी टोपी छातीशी धरली होती. वाऱ्याची एक झुळूक आली. दोन्ही कळ्या थरथरल्या.

डावी कळी पडली.

"डावा!" भास्कर ओरडला. "आई नको म्हणते! चला, झिंडेलफिंगेन!"

"अहो, ओरडू नका हो!" म्हणता म्हणता वहिनीच टाळ्या पिटू लागल्या. क्रेमरनी श्रीनाथचा हात धरून जोरजोरात हलवला. इतक्या वर्षांत इथे कोणी काही विचारलेच नव्हते, ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मग सगळे भिंतीवर बसून उकडलेली अंडी सोलू लागले.

श्रीनाथ शिळेपाशीच राहिला. अंग अजून आनंदाने भरून वाहत होते, जत्रेत पालखी नाचवल्यावर भरते तसे. उजवी कळी काढून घ्यावी म्हणून त्याने बोट लावले. ती निघेना. खांद्यावरच्या शेवाळात ती खोल रुतली होती आणि तिच्या पाकळ्यांवर अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटला होता. आपण ती केव्हा दाबली, हे त्याला आठवेना. हात त्याचाच होता.

"भावजी, अंडं खाताय ना? की सगळी देवीलाच द्यायची?" मागून वहिनींनी हाक मारली.

"आलो," तो म्हणाला.

त्याला गावी परत जायचे नव्हते.