पुसट सावली

सकाळी आठ वाजता सासऱ्यांची परीक्षा सुरू व्हायची. सूनबाई शाळेत गणित शिकवायची, तिथे चाळीस पोरांना धारेवर धरायची. घरी मात्र तिचीच उलटतपासणी. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी हात धरायचा, ओट्यावर पडलेली बोटांची सावली बघायची आणि पलंगावरून येणाऱ्या प्रश्नांना उत्तरं द्यायची.

"पक्की सावली?"

"कुकर लावायचा."

"आणि जोडीला शेगडी?"

"नाही. एका वेळी एकच."

"पुसट सावली?"

"फक्त तुम्ही, बाबा."

"आणि सावलीच नसली तर?"

याचं उत्तर कधी ठरलंच नव्हतं. सासरे प्रश्न विचारून स्वतःच हसायचे, मग त्यांना खोकला यायचा आणि परीक्षा संपायची.

'फक्त तुम्ही' म्हणजे त्यांचं ऑक्सिजनचं मशीन. चाळीस वर्षं वायरमन म्हणून भिंती फोडता फोडता म्हाताऱ्याच्या छातीत धूळ जाऊन बसली होती. आता पलंगाशेजारच्या मशीनमधून एक लांब नळी त्यांच्या नाकापर्यंत यायची. मशीन सतत घुमायचं, म्हणून त्याचं नाव भुंगा. भुंगा घरात आला तशी गॅसची शेगडी बाहेर गेली, कारण ऑक्सिजनजवळ जाळ नको. म्हाताऱ्याने छाती पार निकामी व्हायच्या आधी स्वतः उभं राहून छतावर सोलरची पॅनेलं बसवून घेतली होती, मधल्या बोळात बॅटरी आणि इन्व्हर्टर लावला होता. विजेवरचा प्रेशर कुकर आणि इंडक्शन शेगडीही त्यांनीच निवडून आणली होती, कमी वीज खाणारी. डाळ आधी भिजवायची, भर उन्हात शिजवायची, अर्धी शिजली की भांडं गोधड्या कोंबलेल्या पेटीत ठेवून द्यायचं, बाकीची आपोआप शिजते. सूनबाई सुरुवातीला वैतागली होती. पुढे तिलाच त्याची गोडी लागली. आदल्या संध्याकाळी कुकर भरून टायमर लावायची: उद्या अकरा. ती शाळेत असली तरी ऊन ऐन भरात आलं की कुकर आपला आपण सुरू व्हायचा.

चार दिवसांपूर्वी वादळ झालं. विजेचे खांब आडवे झाले, फोन मुके झाले, शाळा बंद पडली. नवरा बोटीवर, समुद्रात कुठेतरी. तरी ती डगमगली नाही. चारही दिवस लख्ख ऊन होतं. दिवसा बॅटरी भरायची, रात्रभर भुंगा चालायचा. शेजारी अंधारात चाचपडत होते आणि हिच्या घरी गरम जेवण. तिला त्याचा थोडा तोराही चढला होता, खोटं कशाला बोला.

पाचव्या दिवशी सकाळी तिने खिडकीशी हात धरला आणि ओट्यावर काहीच पडलं नाही. आभाळ खालपासून वरपर्यंत राखाडी. इन्व्हर्टरवर बॅटरीचा आकडा होता चौतीस टक्के. दहाच्या खाली गेला की इन्व्हर्टर सगळं बंद करतो आणि चांगलं ऊन पडल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही.

"आज परीक्षेला सुट्टी?" पलंगावरून आवाज आला.

"पेपर फुटलाय, बाबा," ती म्हणाली.

त्या दिवशी तिने चहासुद्धा केला नाही. कोरडा पाव खाल्ला, सासऱ्यांना थर्मासमधलं कालचं कोमट पाणी दिलं. दहा वाजता आकडा बावीसवर आला, तशी अडीअडचणीला ठेवलेलं, पण रिकामंच असलेलं ऑक्सिजन सिलिंडर ढकलगाडीवर घालून औषधवाल्याकडे निघाली. "तासाभरात येते. पलंगावरून हलायचं नाही," तिने बजावलं.

"हलून जाऊ कुठे? नळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतच पोचते," सासरे म्हणाले.

दुकानापुढे रांग होती. भरलेली सिलिंडरं बारापर्यंत येतील, असं औषधवाला प्रत्येकाला सांगत होता. त्याच्या डोक्यावरच्या घड्याळात दहा पंचावन्न झाले होते.

"तुमचं बरं आहे, बाई," तो तिच्याकडे बघून म्हणाला. "घरी सोलर. आता कुकर लागला असेल ना तुमचा?"

ती हसायला गेली, तोच तिची नजर पुन्हा घड्याळाकडे गेली.

काल संध्याकाळी आभाळ स्वच्छ होतं. तिने नेहमीसारखी डाळ भरली होती, झाकण फिरवलं होतं आणि बोलता बोलता टायमर लावला होता. उद्या अकरा. हाताला इतकी सवय, की डोक्याला पत्ताही लागला नव्हता.

गणिताच्या बाईंना हिशोब करायला वेळ लागत नाही, हीच त्यांची शिक्षा. तासाभरात भुंग्याने सहा खाल्ले असतील, राहिले सोळा. कुकर अर्ध्या तासात दहा खाणार. वीस मिनिटं, फार तर वीस. मग घर गप्प होईल, आणि म्हाताऱ्याला मशीनशिवाय पाच मिनिटंही निघत नाहीत. फोन लागत नव्हता. घरी दुसरं कोणी नव्हतं.

सिलिंडर तिथेच टाकून ती धावत सुटली. मागून कोणीतरी "अहो, तुमचा नंबर जाईल!" म्हणून ओरडलं. रस्त्यात आडवी झाडं, तुटलेले पत्रे, लोंबणाऱ्या तारा. चपलेचा अंगठा तुटला, तशी तिने दोन्ही चपला सोडल्या. धावताना तिला एकच दिसत होतं: शांत घर आणि उशीवर निळे पडलेले ओठ. आपण मारलं, आपल्या हाताने मारलं, असं ती मनात म्हणत होती, आणि तरीही वर बघून ढगांना शिव्या घालत होती.

दाराशी पोचली तेव्हा छातीत भाता चालला होता. कान दाराला लावला. आत भुंगा घुमत होता.

हसत, रडत तिने कुलूप उघडलं. "बाबा, आले मी! अहो, काय वेंधळेपणा केला मी आज..."

पलंग रिकामा होता.

चादर बाजूला सारलेली होती. नळी जमिनीवरून सरळ बोळाकडे गेली होती आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर संपली होती. तिच्या टोकातून सूं सूं करत बाहेर पडणारा ऑक्सिजन कोणाच्याच नाकात जात नव्हता.

सासरे ओट्याखाली कुशीवर पडले होते. कुकर सुरू झाल्याचा टूं आवाज त्यांनी ऐकला असणार. वायरमनला पुढचं सांगावं लागत नाही. उंबऱ्यापर्यंत नळीने साथ दिली. तिथे ती काढून ठेवून पुढची पाच पावलं ते तसेच गेले होते. कुकरची वायर त्यांच्या मुठीत होती, मुळासकट उपटल्यासारखी. ओठ तिने रस्ताभर पाहिले तसेच होते.

तिने त्यांना काखेत हात घालून ओढलं. ते इतके हलके झाले असतील असं तिला कधी वाटलं नव्हतं. उंबऱ्याशी आणून डोकं मांडीवर घेतलं, नळी नाकात बसवली आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन. छाती हलेना. "बाबा, परीक्षा घ्या ना माझी," ती ओरडली. "घ्या परीक्षा! आज सुट्टी नाही!" अकरा, बारा. सतराव्या आकड्याला छाती एकदा वर आली, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा.

किती वेळ गेला कोण जाणे. ओठांचा रंग हळूहळू परतला. मूठ मात्र सुटली नाही. बोळातला आकडा तिला तिथून दिसत होता. चौदा. मग तेरा.

सासऱ्यांनी डोळे उघडले. काही बोलायला गेले, आवाज फुटला नाही. मोकळा हात किंचित उचलून त्यांनी जमिनीवर, खिडकीच्या दिशेने पालथा धरला. ती फरशीकडे बघत राहिली. आधी काहीच नव्हतं. मग बोटांखाली काहीतरी राखाडी उमटलं, गेलं आणि पुन्हा उमटलं. आकडा तेरावरच थांबला होता.

"कशी... आहे?" त्यांनी विचारलं.

"पुसट."

"म्हणजे?"

तिने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिला रडू आवरेना.

"म्हणजे फक्त तुम्ही, बाबा. फक्त तुम्ही."