रंगाऱ्याच्या पोटातलं विष

"जिथं विज्ञान हात टेकतं, तिथं माझी पुडी कामाला लागते!" महाराजांनी दोन्ही हात उंचावून जाहीर केलं, आणि अख्खी भक्तमंडळी मंडपामागच्या शौचालयाकडे धावली. चमत्कार तिथंच दिसायचा. पुडी पोटात गेली की थोड्याच वेळात लघवी पिवळीजर्द!

"वर्षानुवर्षं खाल्लेल्या गोळ्या मूत्रपिंडात साचल्यात, लेकरांनो. ते विष निघतंय!"

रंगाऱ्याच्या बायकोनं फिटच्या गोळ्या सोडल्या होत्या. रंगाऱ्यालाही ते पटलं होतं. रंगवलेलं कापड पाणी नितळ येईपर्यंत खळबळायचं, हा त्याचा जन्माचा धंदा. बायकोचंही पाणी नितळ झालं की सुटलो! पण पुडी रोज, म्हणून पिवळं रोज. मधल्या काळात ती दोनदा कोसळली. पहिल्यांदा तो ओरडला. दुसऱ्यांदा ती उकळत्या रंगाच्या पातेल्याशेजारीच पडली. त्यानं तिला कुशीवर वळवलं, चूल विझवली आणि बसून राहिला. त्याच्या आत काही हललंच नाही. भीतीसुद्धा विटून गेली होती. समोर तिची पुडी पडली होती. वाया कशाला घालवायची, म्हणून त्यानंच घेतली.

संध्याकाळी तो मंडपात उभा राहिला. "महाराज, माझीही पिवळी झाली."

"बघ, किती विष होतं!"

"पण मी जन्मात गोळी खाल्लेली नाही."

"बायकोचं विष नवऱ्यात उतरतं, बाळा."

"मग सासूचं जावयात उतरतं का हो?" मागून कुणीतरी विचारलं. हशा पिकला.

रंगाऱ्याच्या बायकोला फिटच्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरीणबाई स्वतःच्या आईला पुडीच्या रांगेतून ओढून न्यायला आल्या होत्या. त्यांनी पर्समधली बी-जीवनसत्त्वाची गोळी चुरून ग्लासात टाकली. पाणी तस्सं पिवळं.

"पुडीत हेच आहे. शरीर लागेल तेवढं घेतं, उरलेलं मूत्रपिंडं रंगासकट बाहेर टाकतात. मग पोटात विष असो वा नसो! आणि तुझ्या बायकोची गोळीही तीच मूत्रपिंडं बाहेर टाकतात. साचत नाही, म्हणून तर रोज घ्यायची. तिला आजच पुन्हा सुरू कर." मग त्या रांगेकडे वळल्या. "पुढचा चमत्कार आला की एवढंच विचारा: ज्याला काहीच झालेलं नाही, त्याला हे दिलं तर काय होतं?"

घरी येऊन रंगाऱ्यानं बायकोला गोळी दिली आणि हे भाषण पहिल्यापासून, हातवाऱ्यांसकट सुरू केलं.

"अहो, पुरे," ती म्हणाली. "पाणी द्या आधी. गोळी जिभेवर विरघळतेय."