होडीवर वाळत घातलेलं लुगडं

किल्ल्याच्या वाटेवर पाटी लावणाऱ्या साहेबांनो, तुम्ही हट्ट्याच्या सोनाजीला बुडवायला निघाला होता. पाटी मोठी होती, रंगीत होती. किल्ला कुणी बांधला, कुणी जिंकला, तोफा कुठून आल्या, सगळं तिच्यावर होतं. थुंकू नये, हेही होतं. समुद्र रोज ही वाट गिळतो, तेवढं मात्र नव्हतं.

आता हट्टा कुठं अन् समुद्र कुठं. हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाचं पाणी म्हणजे नदी, विहीर, नाहीतर धरण. यंदा हळद शिजवून, वाळवून, वसमतच्या बाजारात घालून झाली, तसा पोरगा प्रमोद म्हणाला, चला, कोकण दाखवतो. बायको जनकाबाईनं आधी नको नको केलं, मग सगळ्यांच्या आधी पिशवी भरली. सून शीतलनं धपाटे बांधले.

समुद्र दिसला तशी म्हातारी चपला काढून थेट पाण्याकडं निघाली. सकाळच्या उन्हात ओली वाळू चकाकत होती. बारके खेकडे वाळूच्या गोळ्या करून बिळाभोवती नक्षी मांडत होते. मागं सुरूचं बन सूं सूं करत होतं. जनकाबाईनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं.

"एवढं पाणी, अन् एक घोट कामाचा न्हाई."

"म्हून तर ऱ्हायलंय," सोनाजी म्हणाला. "गोड असतं तर कवाच उपसून नेलं असतं."

किल्ला समोरच होता. मधल्या खडकाळ वाटेवर पाणी घोट्याएवढं. नदीकाठचा माणूस पाणी एकदा पायानं मोजतो आणि दिवसभर तेच धरून चालतो. वर कुठं पाऊस नसला तर नदी दुपारी वाढत नाही, आणि आभाळात तर ढगाचा ठिपका नव्हता. चौघं हसत-खेळत पलीकडे गेले.

आत जांभ्या दगडाचा तट, गंजलेल्या तोफा, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना मधोमध गोड्या पाण्याची विहीर. जवानीत सोनाजीनं गावोगाव विहिरी खोदल्या होत्या. तो विहिरीच्या काठावर जो बसला तो उठेना. हे बांधणाऱ्यांची नावं कुठं लिहिलीत, असं त्यानं प्रमोदला विचारलं. प्रमोद म्हणाला, राजांची लिहिलीत. मग सोनाजीनं त्यांना वाटेला लावलं. तुम्ही काठावरच्या टपरीत चहा घ्या, मी आलोच.

चहा झाला, धपाटे झाले. जनकाबाईनं वळून पाहिलं तर वाट नव्हती. नुसत्या लाटा.

टपरीवालीनं सांगितलं, भरती आहे, आता दिवस मावळायच्या सुमाराला वाट उघडी पडेल. इथं खडक आहेत, लाटांत होडी लावता येत नाही. पलीकडे कोरडं आहे, म्हाताऱ्यानं बसून राहावं, म्हणजे झालं. पण त्याला हे सांगणार कोण? त्याला कानानं कमी ऐकू येतं, आणि फोन तर प्रमोदच्याच खिशात होता.

तेवढ्यात किल्ल्याच्या दारातून सोनाजी खाली आला. धोतर वर खोचलेलं, हातात काठी. काठीनं तळ चाचपत, तिरपं चालत तो पाण्यात उतरला. उभा जन्म तो नदी अशीच ओलांडत आला होता. पाणी गुडघ्याला लागलं. एक लाट आली आणि कमरेला लागलं. प्रमोद ओरडत होता, वाऱ्यात काही पोचत नव्हतं.

जनकाबाई ओरडली नाही. तिनं पिशवीतून दुसरं लुगडं काढलं, लालभडक. वाळूत उलटी घातलेली होडी होती, तिच्यावर ते पूर्ण पसरलं आणि चार कोपऱ्यांवर दगड ठेवले.

हट्ट्याला त्यांचं रान नदीपल्याड. नदी चढली की जनकाबाई अलीकडच्या बाभळीवर लाल लुगडं पसरायची. पाणी वाढलंय, येऊ नका, तिथंच बसा. लग्नाच्या सालापासूनची ही खूण.

सोनाजी थांबला. हाताचा आडोसा करून त्यानं पाहिलं. मग आभाळाकडं पाहिलं, पाऊस कुठं आहे म्हणून. नाही पटलं, पण लुगडं होतं. तो मागं फिरला आणि दाराच्या पायरीवर बसला.

जनकाबाईनं तेव्हा पिशवी खाली ठेवली. ती होडीला टेकून खाली बसली आणि दोघं दिवसभर समोरासमोर बसून राहिले. मधे सगळा समुद्र.

उन्हं उतरली तसं पाणी गुपचूप मागं सरलं. सोनाजी घोट्याएवढ्या पाण्यातून चालत आला.

"काहून अडवलं गं? आभाळ तर कोरडं हाय."

"हितलं पाणी आभाळाला इचारून येत न्हाई," ती म्हणाली. "धपाटे खा."

परत जाताना ती पाटीपाशी थांबली. प्रमोदकडून अक्षर न् अक्षर वाचून घेतलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग म्हणाली, यांना फोनवर लिही, मी सांगते तसं. प्रमोदनं पाटीखालचा नंबर पाहून तिथंच लिहिलं आणि पाठवलं.

"तुमी राजे लिवले, तोफा लिवल्या, थुंकू नका लिवलं. पाणी कवा येतं ते काहून लिवलं न्हाई? आमच्याकडं लुगडं व्हतं. ज्याच्याकडं न्हाई त्यानं काय करावं? मी हट्ट्याची जनकाबाई. जबाब द्या."