जांभळीखालची माझी जागा

मित्रांनो, मी खारी गावचा एक जुना बैल आहे. नाव पवळ्या. लाल रंग दिसला की बैल पिसाळतो असं तुम्हाला वाटत असेल, तर ती निव्वळ अफवा आहे. मुलं माझ्यापुढे लाल टॉवेल नाचवायची, तेव्हा मी आपला रवंथ करत असायचो.

माझं तरुणपण भातशेतीत गेलं. चिखलात नांगर ओढून दमलो की माझी मालकीण सरूबाई मला बांधावरच्या जांभळीखाली उभं करायची. मानेवरून हात फिरवत म्हणायची, "माजा पवळ्या म्हंजे सोना हाय!"

पुढे शेत गेलं, तिथे बिल्डिंग आली. कंपाउंडमध्ये जांभूळ तेवढी उरली. गोठ्यातून सुटलो की मी तिथेच जाऊन उभा राहायचो.

सोसायटीचे सेक्रेटरी वैतागले. "आजी, स्कूटर कुठे लावायच्या आम्ही? दिवाळीच्या पाडव्यानंतर हा इथे दिसता कामा नये."

सरूबाईने जड मनाने मला घोडबंदरला भावाकडे पाठवायचं ठरवलं.

बिल्डिंगमधले, जहाजावर नोकरी केलेले चंदनकाका म्हणाले, "अहो, स्पेनमध्ये झुंजीचा बैल रिंगणातली एक जागा आपली मानतो. घाबरला, दमला की तिथेच परततो. त्या जागेला केरेन्सिया म्हणतात. माणसांच्या हक्काच्या जागेलाही तिथे हाच शब्द."

त्यांच्या शेजारच्या, पहिलीतल्या रसिकाला तो शब्द फार आवडला. आईच्या पदरात शिरून म्हणाली, "ही माझी केरेन्सिया!"

"आणि माझी गं?"

"तुझी गॅलरी. मी झोपले की चहा घेऊन बसतेस ना!"

पाडव्याला सरूबाईने माझ्या अंगावर गेरूचे पंजे उठवले, शिंगांना झेंडू बांधले. निरोपाचा शृंगार होता तो. इतक्यात कुणीतरी फटाक्यांची लांबलचक माळ लावली. सगळे पांगले. धूर विरला, तर रसिका गायब! आईने जिना, गच्ची पालथी घातली. सेक्रेटरी अनवाणी धावत सुटले.

रसिका जांभळीखाली माझ्या पोटाला चिकटून उभी होती. मीही थरथरत होतो, पण पाय हलवला नव्हता.

"अगं, इथे कशाला आलीस?" आईने तिला छातीशी धरलं.

"पवळ्याची केरेन्सिया आहे ना! मला थोडी दिली त्याने."

सेक्रेटरींनी कपाळाचा घाम पुसला. "आजी, स्कूटर आम्ही पलीकडे लावू."

"मंग! मी काय सांगत व्हते? सोना हाय माजा पवळ्या!" म्हणून सरूबाईने सगळ्यात मोठी करंजी मलाच भरवली.

मित्रांनो, मी अजून इथेच आहे. कुणी दमून एखाद्या जागी टेकलं, तर त्याला लगेच हुसकावू नका. जरा त्याच्या शेजारी उभे राहून बघा. जागा दोघांना पुरते.