ऑइलचा बझर

बाबांशी मी चौदा महिने कामापुरतंच बोलत होते, आणि आमच्यात काम तर काही नव्हतंच. मग एक दिवस त्यांनी आपला ट्रक दुसऱ्या ट्रकला बांधून ओढत आणला आणि माझ्या वर्कशॉपच्या दारात उभा केला. इंजिन जाम झालं होतं. आतलं ऑइल गळून गेलं तरी ते गाडी पळवत राहिले होते.

रागाचं कारण सांगते, नाहीतर मीच वाईट ठरेन. गेल्या वर्षी मला तिसरा महिना होता. बाबांना समोरासमोर सांगायचं म्हणून मी ती बातमी राखून ठेवली होती. शेवटी सांगितली ती दवाखान्यातून, फोनवर, आणि तोवर बाळ उरलं नव्हतं. मी रडत रडत सगळं सांगितलं. पलीकडून बाबा म्हणाले, "बरं, बरं. वेळेवर जेवत जा." आणि फोन ठेवला. आई असती तर तिने त्यांना धारेवर धरलं असतं. आई नाही. मी नवऱ्याला बजावलं की या विषयावर त्यांच्याशी चकार शब्द काढायचा नाही, आणि मनात गाठ मारली.

पण गाडी बिचारीने माझं काय बिघडवलं होतं? मी वायरिंग करते, इंजिनाची बाजू माझा भागीदार फिटर बघतो. त्याने दुसरं इंजिन मिळवलं, जरा नंतरच्या मॉडेलचं. त्यावरचे सेन्सर वेगळे, बाबांच्या डॅशबोर्डवरचे मीटर जुने. तसेच जोडले तर थंड इंजिनालाही काटा लालात जातो. म्हणून मी जुन्या इंजिनाचे सेन्सर काढून नव्यावर लावायचं ठरवलं. बाबा म्हणाले, ते केव्हाच मेलेत. ना काटा हलला, ना ऑइल संपल्याचा इशारा देणारा बझर वाजला, मग मला काय स्वप्न पडणार होतं?

मी एकेक सेन्सर तपासला. टेम्परेचरचा उकळत्या पाण्यात धरून, ऑइल प्रेशरचा हवेच्या पंपावर लावून. दोन्ही ठणठणीत. म्हणजे ऑइलचा काटा पडला होता, बाबांनी बघितला नव्हता. काटे बघत बसायला मी काय घड्याळजी आहे, असं ते जन्मभर म्हणत आले. गाडी कानाने चालवायची, हा त्यांचा तोरा, आणि तो खोटाही नव्हता. मी लहान असताना ते अंगणात बसून रस्त्यावरच्या गाडीचं दुखणं ओळखायचे. आता मात्र चूक स्वतःची आणि खापर माझ्या सेन्सरवर, हे माझ्या डोक्यात गेलं.

त्यात फिटरने घोळ घातला. गळायला नको म्हणून त्याने प्रेशरच्या सेन्सरच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली. नळाला ती ठीक आहे, पण सेन्सरला अर्थिंग त्या आट्यांमधूनच मिळतं. चावी दिली तरी काटा शून्याच्या खालीच पडून, ढिम्म हलेना. बाबा ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते, त्यांच्या चेहऱ्यावर विजय मावेना. मी फिटरला चार शब्द सुनावले, टेप खरवडून काढली, सेन्सर पुन्हा आवळला आणि काटा शहाण्यासारखा शून्यावर येऊन थांबला, बंद इंजिनाचं प्रेशर शून्यच असतं. बाबा म्हणाले, काट्याचं असेल तसं, पण बझर मेलाय तो मेलाच.

बझरची वायर मी सगळ्यात शेवटी जोडली. इंजिन बंद असताना चावी दिली की तो वाजायलाच हवा. बॉनेटआडून मी हाताने खूण केली. बाबांनी चावी फिरवली आणि बझर असा किंचाळला की फिटरच्या हातून पाना पडला. शेजारचा टायरवाला काय झालं म्हणून डोकावला. बाबांनी शांतपणे खिडकीतून मान बाहेर काढली.

"बघितलंस?" ते म्हणाले. "मुका आहे."

फिटर हसायला लागला, मग माझ्याकडे बघून गप्प झाला. बझर त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर कोकलत होता आणि ते मी हार मान्य करण्याची वाट बघत होते. माझा राग कुठे गेला ते मला कळलंच नाही. मला फक्त भीती वाटली, आणि त्यांची फार माया आली.

मी केबिनमध्ये चढले, चावी बंद करून काढून घेतली आणि त्यांच्यासमोर तोंड करून बसले.

"बाबा, तो वाजत होता."

त्यांनी आधी चावीच्या रिकाम्या भोकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. बराच वेळ स्टिअरिंगवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले की दोन वर्षं होत आली. बारीक आवाज आधी गेले. इंजिनाची घरघर पायाला कळते, तेवढ्यावर भागवत होते.

"फोनमध्ये तर नुसतं गुणगुणल्यासारखं येतं," ते म्हणाले. "कोणी काही बोललं की मी बरं म्हणतो. तुझा फोन आला की वाटायचं, पोरगी बोलतेय ना, म्हणजे ठीक आहे. तुला सांगितलं असतं तर तू गाडी काढून घेतली असतीस."

मी म्हटलं, घेतलीच आहे. कान तपासून डॉक्टर हो म्हणेपर्यंत चावी माझ्याकडे राहील. ते भांडतील म्हणून मी तयारीत होते. त्यांनी नुसती मान हलवली. जन्मभर कुणाचं न ऐकणारा माणूस एवढ्या मुकाट्याने मान हलवतो, हे मला सोसलं नाही.

मग मी त्यांना दवाखान्यातल्या फोनबद्दल सांगितलं. सावकाश, ओठ दिसतील असं. तिसरा महिना होता आणि बाळ राहिलं नाही, एवढंच सांगितलं.

बाबांचा अंगठा थांबला. "आणि मी काय म्हणालो?" त्यांनी विचारलं.

चौदा महिने ते शब्द मी रोज उगाळले होते. कधीतरी त्यांच्या तोंडावर फेकायचे, असं ठरवून जपून ठेवले होते.

"काही नाही," मी म्हटलं. "फोन कट झाला होता."

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. दोन वर्षांत एवढं तर ते शिकलेच असणार. माझा तेलकट हात त्यांनी दोन्ही हातांत धरला.

"पोरी, परत सांग," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांग. मी काही गाडी घेऊन कुठे जात नाहीये."