चोवीस शनिवार

यादीत नाव नव्हतं. यमुनाबाईने फलकाशी नाक नेऊन कागद वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला. काजू प्रक्रिया, प्रमाणपत्र परीक्षा. खाली नावं एकोणीस. शनिवारच्या वर्गाची माणसं वीस.

खिडकीपलीकडे कॉलेजच्या निरंतर शिक्षण विभागाचा क्लार्क विनीत बसला होता. त्याने कॉम्प्युटरवर दोनदा पाहिलं आणि पडत्या आवाजात सांगितलं, की हजेरी कमी भरते. चोवीस शनिवारांपैकी सातच लागलेत, परीक्षेला अठरा हवेत.

"सात? अरे बाबा, मी एक शनिवार चुकवला नाय. नातवाच्या बारशादिवशीसुदा हितंच होते."

विनीतला ते ठाऊक होतं. सहा महिने एकच गोष्ट घडत आली होती. वर्गाच्या दारातल्या हजेरीच्या यंत्रावर तिने अंगठा ठेवायचा, यंत्रातल्या बाईने गोड गळ्याने म्हणायचं, पुन्हा प्रयत्न करा. चार-पाचदा झालं की मागची रांग कुरकुरायची आणि विनीतच म्हणायचा, मावशी, तुम्ही बसा वर्गात, मागाहून बघू. ते मागाहून आज उगवलं होतं, आणि परीक्षेची यादी कालच पुढे गेली होती.

सव्वीस वर्षं यमुनाबाई पालीजवळच्या कारखान्यात काजू फोडत होती. काजूच्या टरफलात काळा चीक असतो, कातडी जाळणारा. देवाने बोटांवर जी नक्षी काढून पाठवली होती, ती चिकाने वर्षावर्षाने चाटून नेली. अंगठा कसा, ओढ्यातल्या गोट्यासारखा गुळगुळीत. शेट म्हणाला होता, कागद आण, तुला मुकादम करतो. आता कागदावाचून मुकादम ठेवता येत नाही. मुकादमाने उभं राहून गर निवडून घ्यायचा. चिकात हात घालायचा नाही. एवढ्याचसाठी पन्नाशी उलटल्यावर ती वर्गातल्या बाकावर बसली होती.

विनीतला तिची कणव आली असावी. तो बाहेर आला, तिचा अंगठा हातात घेऊन त्याने न्याहाळला.

"मावशी, तेल लावता काय हाताला?"

लावायची तर. कारखान्यात बसण्याआधी प्रत्येक बाई तळहाताला खोबरेल आणि राख चोळते, चीक भिनू नये म्हणून. कॉलेजात यायचं तर शनिवारी तिने राख वगळली होती. तेल मात्र अंगठ्याला जास्तच चोळलं होतं, कातडी मऊ झाली तर रेघा वर येतील म्हणून. सात शनिवारी एसटी चुकेल या घाईत तेवढं राहिलं असणार, आणि तेच सात लागले.

विनीतने स्वतःच्या रुमालाने तिचा अंगठा खसखसून पुसला आणि यंत्राच्या काचेवर टेकवला. उरल्यासुरल्या रेघा तेवढ्याला पुरल्या; यंत्रातली बाई लगेच म्हणाली, धन्यवाद.

यमुनाबाई त्या यंत्राकडे बघत राहिली. आपल्याच हाताने आपण आपल्याला पुसलं, हे तिला रडण्यापलीकडचं वाटलं. आणि सहा महिन्यांत एवढा एक रुमाल कुणाला का काढता आला नाही, याचा राग चुलीसारखा धुमसायला लागला.

शिकवणाऱ्या शमिका मॅडम प्राचार्यांकडे जाऊन आल्या. अर्ज झाला, त्यावर शेरा झाला. पुढच्या तुकडीत बघू, असं ठरलं. मग मॅडम जरा अवघडून म्हणाल्या, की गुरुवारी परीक्षेचं प्रात्यक्षिक आहे, बी उकडून मांडायला जाणतं माणूस कुणी नाही, मावशी, तुम्ही रोजावर मदतीला याल का? नाही म्हणायला तोंड उघडलं तरी यमुनाबाईच्या तोंडून हो निघालं.

गुरुवारी तिने बी उकडली, गार केली, एकोणीस ताटल्या मांडल्या आणि दाराशी उभी राहिली. कारखान्यात गाते ती ओवी ओठांत आपसूक आली:

काजूच्या बोंडाला गं, बी त्याची बाहेर,
दारात लेक उभी, आत तिचं माहेर.

दाराला लागूनच्या बाकावर शेटचा भाचा रितेश होता. दर शनिवारी अंगठा टेकवून टपरीवर जाणारा, चोवीसच्या चोवीस हजेऱ्यांचा धनी. तो बी फोडायच्या कटरचा दांडा दाबी आणि गराचे तुकडे करी. बाहेरून आलेले परीक्षक दोन बाकांच्या अंतरावर पोचले तसा तो कुजबुजला, "मावशी, खंयची बाजू वर?"

तिला म्हणायचं होतं, टपरीवाल्याला विचार. पण वाकडी धरलेली बी तिला बघवेना. तिचा हात पुढे गेला आणि त्या हाताने बी पोटाकडून वळवून पात्याखाली बसवली. दांडा पडला. अख्खा, पांढरा, दुधासारखा गर सुटून आला. परीक्षक म्हणाले, छान. रितेश हसला. यमुनाबाईला स्वतःच्या हाताचाच संताप आला. सव्वीस वर्षं राबून त्या हाताला अजून आपला धनी कोण याची ओळख नव्हती.

सगळं आवरल्यावर विनीतने एक लांबट वही पुढे केली. नाव, तारीख, काम, सही.

"हिला यंत्र नाय?" तिने विचारलं.

"रोजावरच्या माणसांना सहीच चालते, मावशी."

यमुनाबाईने पेन घेतलं. तिचं अक्षर सातवीपर्यंतचं, पण गोल होतं. पहिल्या ओळीत आजची तारीख, मदतनीस, सही. मग तिने पिशवीतून वर्गाची वही काढली. तिच्यात प्रत्येक धड्यावर तारीख होती. दुसऱ्या ओळीत तिने पहिला शनिवार लिहिला, आणि कामाच्या रकान्यात लिहिलं, शिकणे. खाली दुसरा शनिवार. शिकणे. सही.

"मावशी, ही वही त्यासाठी नाही. याने हजेरी नाही लागायची."

"म्हायत्ये," ती मान वर न करता म्हणाली. "तू तुझं खिडकीचं काम कर."

विनीतने वही ओढून घेतली नाही. गेटवरून तिची पाचची एसटी गेली तेव्हा ती चौदाव्या शनिवारावर होती. तिने पान उलटलं.