काचेवरचं बोट

कल्पना करा, मुलांनो, की तुम्ही नऊ वर्षांचे आहात आणि दुपारच्या वेळी आजोबांच्या पलंगावर पालथे पडून एका करड्या पडद्यावर बोट टेकवता आहात. बोट टेकवलं की पान उलटतं. खरं पान नव्हे. अक्षरं विरघळतात, क्षणभर पडदा काळा होतो आणि दुसरी अक्षरं वर येतात. ती तुम्ही वाचत नाही. तुम्हाला फक्त पुढे जायचं आहे. बाहेरच्या खोलीत आजोबांना खुर्चीत डुलकी लागली आहे, आणि तुमचे कान त्यांच्या घोरण्याकडे आहेत. घोरणं थांबलं की बोट थांबवायचं.

पूर्वा तशीच पडली होती. तिचं लक्ष पडद्याच्या तळाशी असलेल्या आकड्यावर होतं. तो आकडा हळूहळू वाढत होता.

ते वाचनयंत्र तिच्या वडिलांनी, धम्मदीपने, आजोबांच्या वाढदिवसाला आणलं होतं. धम्मदीप पुण्यात खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता, आणि मांजरीतला हा फ्लॅट त्याने कर्ज काढून घेतला होता. आजी गेल्यावर आजोबा, म्हणजे भीमराव, विदर्भातलं पुलगावचं घर बंद करून इथे आले, ते एक कपड्यांची बॅग आणि टेंपोभर पुस्तकं घेऊन. पुस्तकं आजोबा-नातीच्या खोलीतल्या एका भिंतीला लागली आणि ती भिंत दिसेनाशी झाली. खिडकीतून उसाची शेतं दिसत, त्यांच्यामागे नव्या इमारतींचे सांगाडे.

यंत्र चांगलं होतं, हे आधी सांगून टाकतो. हलकं होतं, अंधारात वाचता येई, आणि इंग्रजी पुस्तकाची अक्षरं हवी तेवढी मोठी होत. पूर्वाने त्यात तिची इंग्रजी गोष्टींची पुस्तकं भराभर संपवली होती. पण भीमरावांसाठी धम्मदीपने शोधून घातलेली मराठी पुस्तकं म्हणजे पानांचे नुसते फोटो होते. अक्षर मोठं करायला जावं तर ओळ अर्धी पडद्याबाहेर जाई. मग पान इकडे सरकवा, तिकडे सरकवा, तोवर वाक्याचा पहिला भाग डोक्यातून गेलेला. भीमरावांनी हे कुणाला सांगितलं नाही. यंत्र उशीखाली ठेवायचं आणि भिंतीवरचं पुस्तक काढायचं, असा त्यांचा क्रम चालू राहिला.

मात्र यंत्र धम्मदीपच्या फोनशी जोडलेलं होतं. कुणी किती वाचलं ते त्याला ऑफिसात बसून दिसे.

"दोन टक्के," जेवताना तो म्हणे. "बाबा, ह्या वेगाने पूर्वाच्या लग्नापर्यंत तुमची प्रस्तावना होईल."

वीस वर्षं पुण्यात राहून त्याला असं बोलणं छान जमू लागलं होतं. एकदा त्याचे ऑफिसातले मित्र जेवायला आले होते, तेव्हा त्याने फोन सगळ्यांपुढे फिरवला. आमच्या बाबांना यंत्र दिलं, त्यांनी त्याची उशी केली, असं म्हणाला. मित्र हसले. पूर्वाची आई भाग्यश्री सुद्धा भाजी वाढता वाढता हसली. भीमरावांनी भाकरीचा तुकडा मोडला होता, तो हातातच राहिला. मग त्यांनी तो ताटाच्या कडेला ठेवला आणि पाणी प्यायले.

तो तुकडा पूर्वाने पाहिला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने उशीखाली हात घातला.

आजोबांवर तिचा एवढा जीव का, तेही तुम्हाला सांगायला हवं. पूर्वाची शाळा इंग्रजी. मराठी बोलायला तिला अडचण नव्हती, पण वाचायला बसली की जोडाक्षराला अडखळे आणि वर्गातली मुलं हसत. भीमराव रोज संध्याकाळी तिला जवळ घेत, भिंतीवरचं एक पातळ, पिवळं पडलेलं पुस्तक मांडीवर उघडत आणि तिचं बोट धरून पहिल्या शब्दाखाली ठेवत.

"बोट सोडायचं नाही. बोट पुढे गेल्याशिवाय डोळा पुढे न्यायचा नाही. काहून घाई करतेस?"

ते पुस्तक त्यांच्या वडिलांचं होतं. धोंडिबा कापसाच्या जिनिंगच्या कारखान्यात यंत्रांना तेल घालायचे. त्यांना अक्षर येत नव्हतं. घराने बौद्ध धम्म घेतला त्याच्या पुढच्या वर्षी ते नागपूरला दीक्षाभूमीवर गेले आणि तिथून हे पुस्तक घेऊन आले. घरी आल्यावर त्यांनी लहानग्या भीमरावाला मांडीवर घेतलं, पहिल्या पानावर स्वतःचं बोट ठेवलं आणि म्हणाले, इथून वाच. भीमराव एकेक अक्षर लावत गेला आणि धोंडिबांचं बोट त्याच्या आवाजामागून ओळीखाली सरकत गेलं. पहिल्या ओळीखाली तेलाचा एक लांबट डाग अजून होता. नंतर भीमराव सरकारी नोकरीत लागले, दरवर्षी दीक्षाभूमीवर जाऊ लागले आणि दरवर्षी येताना पुस्तकं आणू लागले. भिंत भरली ती अशी.

धम्मदीपलाही हे ठाऊक होतं. म्हणून तर यंत्रात सगळ्यात आधी त्याने तेच पुस्तक शोधून घातलं होतं. बापाला बरं वाटेल म्हणून. पण ती प्रत दुसऱ्याच कुणाची होती. पहिल्या पानावर कुठल्यातरी वाचनालयाचा पुसट शिक्का होता, आणि पहिल्या ओळीखाली डागाऐवजी कुणा अनोळखी माणसाने पेन्सिलीने ओढलेली रेघ.

पूर्वा तेच पुस्तक उलटत होती. रोज थोडं. एकदम खूप उलटलं तर पप्पांना संशय येईल एवढं तिला कळत होतं. दोनाचे नऊ झाले, नवाचे वीस. जेवतानाचं बोलणं थांबलं. मग पस्तीस झाले आणि धम्मदीपने एका रात्री आपल्या हाताने बापाच्या ताटात तूप वाढलं. पूर्वाने मान खाली घालून भात कालवला. तिला हसू आवरत नव्हतं.

भीमराव यंत्र उघडतच नव्हते, त्यामुळे त्यांना आकडा कधी दिसला नाही. मुलाचा राग निवळला एवढंच त्यांना कळलं, आणि त्यांनी त्याचं कारण विचारलं नाही.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी धम्मदीप हातात मोजपट्टी घेऊन त्यांच्या खोलीत आला. त्याने पुस्तकांची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजली. भीमराव पलंगावर बसले होते, पूर्वा त्यांच्या शेजारी गृहपाठ करत होती.

"काय मोजतोस?" भीमरावांनी विचारलं.

धम्मदीप म्हणाला की त्याला आता आठवड्यातले तीन दिवस घरून काम आहे, हॉलमध्ये बसून मीटिंग होत नाहीत, तेव्हा टेबल इथे लागेल. कंपनीची पुस्तकदानाची मोहीम चालू आहे, उद्या सकाळी मुलं खोके घेऊन येतील. हे सगळं तो उत्साहाने सांगत होता.

"आपलं काय ठरलं होतं?" भीमराव शांतपणे म्हणाले.

"तेच तर. गॅलरीत बसून ठरलं होतं की नाही? दिवाळीपर्यंत यंत्र वापरून बघायचं. नाही जमलं, तर पुस्तकं इथेच राहतील आणि मी पुन्हा एक शब्द काढणार नाही. जमलं, तर पुस्तकं द्यायची." धम्मदीपने खिशातून फोन काढला आणि बापासमोर धरला. "हे बघा. शंभर टक्के. मला खरंच वाटलं नव्हतं, बाबा."

पूर्वाची पेन्सिल थांबली. हे ठरल्याचं तिला कुणीच सांगितलं नव्हतं. आजोबांना यंत्र येत नव्हतं असं नाही, ते घाबरत होते असंही नाही. ते मुद्दामच दोन टक्क्यांवर बसून राहिले होते. पप्पांचं बोलणं, पाहुण्यांचं हसणं गिळत, दिवाळीची वाट बघत.

भीमरावांनी चष्मा वर केला आणि फोन लांब धरून पाहिला. बराच वेळ पाहिला. मग त्यांची नजर फोनवरून खाली आली आणि पूर्वाच्या उजव्या हातावर थांबली. तिने बोट मुठीत घेतलं.

"पप्पा," ती म्हणाली, "ते ना..."

"पूर्वा, मला पाणी आण बेटा," भीमराव म्हणाले. "माठातलं आण."

ती उठली. पाणी भरताना तिच्या हातातला तांब्या माठाच्या काठावर दोनदा आपटला. ती परत आली तेव्हा धम्मदीप विचारत होता, पुस्तक कसं वाटलं.

"चांगलं आहे," भीमराव म्हणाले. "शेवट माहीत होता."

त्यांनी तिच्या हातातलं पाणी घेतलं आणि सगळं प्यायले.

रविवारी सकाळी खोके भरताना खोलीत दोघंच होते. पूर्वा एकेक पुस्तक खाली काढत होती, भीमराव ते फडक्याने पुसून खोक्यात लावत होते.

"मी सांगते पप्पांना," ती म्हणाली.

"नको."

"पण मी वाचलंच नाही ते. तुम्ही पण नाही वाचलं."

"त्याला वाटेल, खोटं बोलायला तू माझ्याकडून शिकलीस." भीमरावांनी एका पुस्तकाच्या कडेची धूळ पुसली. "तसं पाहिलं तर तुझ्याआधी मीच चालू केलं होतं. मला ते यंत्र नको, एवढं मी पहिल्याच दिवशी तोंडाने बोलायला पाहिजे होतं."

पूर्वाने पुढचं पुस्तक खाली काढलं.

कंपनीची मुलं आली. सगळ्यांच्या अंगात एकसारखे निळे टी-शर्ट होते. धम्मदीप खोलीत डोकावला. अर्ध्या रिकाम्या भिंतीकडे पाहून त्याचा आवाज जरा खाली आला.

"एखाददुसरं ठेवा हवं तर, बाबा. आठवण म्हणून."

"आठवणीसाठी पुस्तक ठेवत नसतात," भीमराव म्हणाले. "वाचायला ठेवतात. ते तर यंत्रात आहेच, तू म्हणतोस."

धम्मदीपने खांदे उडवले. पातळ, पिवळं पुस्तक तेवढं फळीवर राहिलं होतं. भीमरावांनी ते उघडलं नाही. स्वतःच्या हाताने शेवटच्या खोक्यात सगळ्यात वर ठेवलं, आणि एका मुलाने खोक्याला चिकटपट्टी लावली. पुस्तकं कुठे जाणार, असं पूर्वाने त्या मुलाला विचारलं. ते वरच्या ऑफिसकडून ठरतं, असं तो म्हणाला. मग सगळे खोके लिफ्टसमोर रचून फोटो काढला. भीमरावांना मध्ये उभं केलं होतं.

"काका, थोडं हसा ना," मोबाईल धरलेला मुलगा म्हणाला. भीमराव थोडं हसले.

टेबल सोमवारी आलं. त्याला नव्या प्लायवूडचा आणि गोंदाचा उग्र वास होता. त्यावर धम्मदीपचे दोन मोठे पडदे लागले, वायरी लागल्या, आणि वरच्या भिंतीवर फळ्यांच्या स्क्रूची भोकं तेवढी राहिली.

संध्याकाळी भीमराव पलंगावर बसले होते. त्यांची मांडी रिकामी होती आणि हात नेहमीच्या जागी, उघडं पुस्तक धरल्यासारखे, तिच्यावर होते. पूर्वाने उशीखालून यंत्र काढलं. पुस्तक शेवटच्या पानावर उघडं होतं. सुरुवातीला एकदम कसं जायचं ते तिला येत होतं, पण ती तशी गेली नाही. जेवढी पानं पुढे लोटली होती तेवढी एकेक करून मागे आणू लागली. भीमराव बघत राहिले. हॉलमध्ये धम्मदीपच्या फोनवर शंभरच होते. तिथला आकडा कधी मागे येत नसे.

शिक्क्याचं पान आलं. पूर्वा आजोबांना टेकून बसली, यंत्र तिने त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि शिकवल्याप्रमाणे पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. पान उलटलं.

तिने ते मागे आणलं. पुन्हा बोट ठेवलं. पुन्हा पान उलटलं.

"राहू दे बेटा," भीमराव म्हणाले. "त्याला बोट चालत नाही."

पूर्वाने पान तिसऱ्यांदा मागे आणलं. मग तिने बोट काचेपासून जरा वर, हवेतच धरलं, त्या अनोळखी रेघेच्या बरोबर वर. ते तिने खाली टेकू दिलं नाही, आणि पहिलं जोडाक्षर लावायला घेतलं.